मी शाब्बास म्हणत होते

नागपूरची माणसं उन्हाला भीत नाहीत, असं मी ॲरिझोनातल्या चँडलरला येईपर्यंत ऐटीत सांगत असे. इथल्या पहिल्याच जूनमध्ये माझी ऐट उतरली. नागपूरचं ऊन निदान संध्याकाळी आपल्या घरी जातं, इथलं मुक्कामालाच असतं. ऑक्टोबर लागला तरी गाडीचं स्टीअरिंग हाताला चटका देत होतं, आणि अशाच एका शनिवारी नवऱ्याने ऑफिसात मिळालेली आइस हॉकीची दोन तिकिटं जेवणाच्या टेबलावर ठेवली.

"जायचं का?" त्याने विचारलं. त्यालाही फारसा उत्साह नव्हता.

"आत गार असेल ना?"

"अगं, बर्फावर खेळतात. असेलच की."

एवढ्या एका मुद्द्यावर मी तयार झाले. कपाटाच्या तळाशी वर्षानुवर्षं पडलेली शाल काढली, पिशवीत चिवड्याचा डबा टाकला (तो दारावर काढून घेतला गेला, तो भाग वेगळा) आणि आम्ही वाळवंटातल्या त्या बर्फाच्या मैदानावर पोचलो. आमच्या भागातली ही टीम मोठ्या लीगमधली नव्हे. मोठ्या लीगच्या उंबरठ्यावर उभी असलेली तरुण मुलं आणि तिथून परत आलेली थोराड माणसं, असे दोन्ही प्रकारचे खेळाडू तिच्यात असतात. तिकिटं मात्र कंपनीची असल्यामुळे अगदी पुढची, काचेला नाक लावून बसावं अशी होती.

चेंडूच्या जागी या खेळात रबराची एक जाड काळी चकती असते, तिला पक म्हणतात. पहिला बराच वेळ मला तो पक दिसलाच नाही. सगळे जिकडे धावतात तिकडे आपणही बघायचं, असं मी ठरवलं. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला हा खेळ म्हणजे भांडण वाटतं. थोड्या वेळाने मात्र मला एक माणूस दिसायला लागला. उंच, दाढीवाला, बाकीच्यांपेक्षा वयाने मोठा. त्याच्या पाठीवरचं लांबलचक रशियन नाव माझ्या नवऱ्याला शेवटपर्यंत धड वाचता आलं नाही. तो गोल करायला कधी पुढे जायचाच नाही. आपल्या गोलकीपरच्या पुढे घुटमळत राहायचा आणि समोरचा कोणी आला की त्याच्या वाटेत उभा राहायचा. एकदा समोरच्याने पक असा सणसणीत मारला, की हा सरळ त्याच्यापुढे आडवा झाला. पक त्याच्या पायावर आपटला तो आवाज मला काचेतून ऐकू आला. तो उठला, लंगडत बाकाकडे निघाला. लोक नाचो खात होते. कोणी टाळीही वाजवली नाही.

मी उभी राहिले आणि ओरडले, "शाब्बास!"

इथे माझ्या आवाजाबद्दल सांगायला हवं. माझे वडील नागपुरात एका शाळेत पीटीचे सर होते. भर दुपारी मैदानाच्या दुसऱ्या टोकाच्या मुलाला हाक मारायची तर तसा आवाज लागतो, आणि तो त्यांनी मला जसाच्या तसा दिला. त्याबरोबर ‘शाब्बास’ही दिली. शर्यतीत पहिल्या आलेल्याला ते काही म्हणत नसत, कारण त्याला कप मिळतोच. शेवटून पहिला येणारा, धापा टाकत रेषेवर पोचणारा मुलगा असेल त्याला मात्र खणखणीत शाब्बास मिळायची. घरात तर तिची खैरात होती. आई म्हणायची, तुमच्या शाब्बासकीला काही किंमत राहिली नाही. मलाही तीच खोड लागली. थंडीत एका दमात सुरू झालेल्या गाडीलाही मी शाब्बास म्हणते.

तर मी ओरडले, आणि तो रशियन खेळाडू जागच्या जागी थांबला. मान वळवून थेट काचेकडे बघायला लागला. दचकून, कोणाला तरी शोधत असल्यासारखा.

"अगं हळू," नवरा माझी शाल ओढत म्हणाला. "तो बघतोय. तू एम्बॅरस करतेस यार."

"बघू दे की. चांगलं केलं त्याला चांगलं म्हणू नको?"

त्यानंतर आम्ही नियमित जायला लागलो. नवऱ्याला नाचो आवडले आणि मला तो माणूस. दरवेळी तो कोणाच्या तरी मारापुढे आडवा व्हायचा, दरवेळी मी शाब्बास म्हणायची आणि दरवेळी तो मान वळवून बघायचा. पुढे पुढे त्याच्या चेहऱ्यावर जरा त्रासिक भावही दिसायला लागला, पण तो पायाच्या दुखण्याचा असणार अशी मी समजूत करून घेतली. इतक्या लांबून, भाषा येत नसताना माझं कौतुक या माणसापर्यंत पोचतंय याचा मला मोठा अभिमान वाटत होता.

एका रविवारी दुपारच्या सामन्यानंतर खेळाडू बाहेरच्या हॉलमध्ये सह्या द्यायला बसले. लहान मुलांची रांग होती आणि त्या रांगेत मी एकटीच पन्नाशीची बाई. त्याने मला लांबून पाहिलं, खुर्चीवरून उठला आणि माझा नंबर यायच्या आधीच रशियनमध्ये भडाभडा बोलायला लागला.

"नो रशियन," मी म्हटलं. "मराठी. इंडिया."

तो गोंधळला. मग मोडक्या इंग्लिशमध्ये म्हणाला, "पण तुम्ही रशियनमध्ये ओरडता."

"मी? मी कशाला रशियनमध्ये ओरडू?"

"शायबू," तो म्हणाला. "रोज ओरडता. शायबू."

"शाब्बास," मी म्हटलं.

"शायबू."

"शाब्बास रे बाबा. शा-ब्बा-स."

मागची मुलं हा सगळा प्रकार तोंड उघडं टाकून बघत होती. मग त्याने टेबलावरचा एक पक उचलला, माझ्या हातात ठेवला आणि समजावलं. याला रशियनमध्ये शायबा म्हणतात. आणि प्रेक्षक गोल मागतात तेव्हा सगळं मैदान ‘शायबू, शायबू’ असं ओरडतं. काचेपलीकडून, त्या गोंगाटात, माझ्या शब्दाचं पहिलं अक्षर तेवढं त्याच्यापर्यंत पोचत होतं आणि उरलेलं त्याचे रशियन कान भरून काढत होते.

"आणि तुमच्या भाषेत?" त्याने विचारलं.

"आमच्या भाषेत, केलंस ते छान केलंस."

तो मटकन खुर्चीत बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरून हसायला लागला. इतका हसला की शेजारचे खेळाडू वळून बघायला लागले. "मी विचार करत होतो," तो म्हणाला, "ही बाई कसल्या काळजाची आहे. मी पायाने पक अडवतो, पाय मोडायची वेळ येते, आणि ही म्हणते, गोल कर. मी पडतो, ही म्हणते, गोल कर. मी डिफेन्सला खेळतो हो. गोल करणं माझं कामच नाही."

ध चा मा झाल्याची गोष्ट आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलोय. त्यात माणूस जिवानिशी जातो. माझ्या बाबतीत एक दमलेला माणूस आठवडेच्या आठवडे नुसता वैतागत राहिला एवढंच. मी ओशाळले, पण हसूही आवरेना.

हसणं ओसरल्यावर तो जरा हळू आवाजात म्हणाला, "पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, माझी आईच आहे."

त्या दिवसापासून त्याने एक नियम केला. मी शाब्बास म्हटलं की तो न वळता हातातली स्टिक टीचभर वर उचलायचा. पोचली, असा त्याचा अर्थ. आणि मला ताई म्हणायला लागला. मॅडम नको आणि काकू तर अजिबात नको, असं मीच बजावलं होतं.

सुट्टीच्या दिवशी तो आमच्याकडे जेवायला यायचा. वरणभात त्याला मनापासून आवडायचा. त्यात चव शोधावी लागत नाही, असं त्याचं म्हणणं. हे कौतुक आहे की काय, ते मी अजून ठरवलेलं नाही. जेवता जेवता तो त्याची सगळी कहाणी सांगायचा. रडगाणं नसायचं त्यात. एखादा माणूस आपण फिरून आलेल्या गावांबद्दल सांगतो तसा सांगायचा.

त्याचं गाव कारखान्यांचं. हिवाळ्यात चाळीसारख्या घरांच्या मधल्या चौकात लोक नळाचं पाणी सोडायचे आणि सकाळी त्याचा बर्फ व्हायचा. तिथे तो खेळायला लागला. आई ब्रेडच्या कारखान्यात होती. ती पहाटेची पाळी संपवून, अंगाला पिठाचा वास घेऊन, सरळ मैदानाच्या कडेला येऊन उभी राहायची आणि शायबू म्हणून ओरडायची. तेव्हा तो पुढे खेळत होता आणि गोलही करत होता. मग त्याची उंची वाढली, आणि प्रशिक्षकाच्या लक्षात आलं की या मुलाला थांबता येतं. बाकी सगळी मुलं पकच्या मागे धावतात, हा वाट बघतो. त्याने त्याला मागे, बचावाला उभं केलं.

"आई प्रशिक्षकाच्या घरी गेली," तो म्हणाला. "म्हणाली, माझ्या मुलाने काय गुन्हा केला म्हणून त्याला मागे टाकलं?"

मी पोळी तव्यावरच ठेवून त्याच्याकडे वळले. कारण हे वाक्य मी ऐकलेलं होतं. मी सॉफ्टवेअरमध्ये टेस्टिंग करते. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये चुका शोधायच्या, त्या गिऱ्हाइकापर्यंत पोचू द्यायच्या नाहीत, हे माझं काम. मी पहिल्या नोकरीला लागले तेव्हा माझ्या आत्याने अख्ख्या धरमपेठेत सांगितलं होतं, "पोरगी हुशार आहे हो, पण काहून कोण जाणे, तिला टेस्टिंगला टाकलं." टाकलं! जणू अडगळीत टाकलं. माझा नवरा प्रोग्रॅम लिहितो, त्यामुळे तो पूर्ण झाला की ऑफिसात त्याला केक मिळतो. आमचं काम नीट झालं की काहीच होत नाही, आणि काही न झाल्याबद्दल कोणी केक आणत नाही. हे सगळं मी त्याला सांगितलं. घरोघरी मातीच्या चुली, हेही सांगितलं आणि मग चूल म्हणजे काय ते समजावत बसले.

"तुमच्या भाषेत शाब्बासला शब्दच नाही का?" मी विचारलं.

"आहे ना. मलाद्येत्स." तो हसला. "आई म्हणायची. सूप संपवलं की. बर्फावर कधी नाही म्हणाली. बर्फावर एकच, शायबू."

अठराव्या वर्षी तो अमेरिकेत आला तेव्हा त्याला इंग्लिशमध्ये येस, नो आणि चिकन एवढंच येत होतं. कित्येक महिने त्याने चिकन खाल्लं. एका हिवाळ्यात मोठ्या लीगमध्येही जाऊन आला; थोडेच सामने, त्यातला निम्मा वेळ बाकावर. त्याबद्दल तो म्हणतो, "घर आतून बघून आलो. छान होतं." नंतर लहान लहान गावं, लांब लांब बसप्रवास, दुखावलेले गुडघे. आईने त्याला अमेरिकेत खेळताना समोर बसून एकदाही पाहिलं नव्हतं. ती तिकडे भल्या सकाळी उठून इंटरनेटवर सामना लावायची आणि नंतर फोनवर विचारायची, आज पुढे का नाही गेलास?

आता हा त्याचा शेवटचा सीझन होता. पुढे इथेच, याच मैदानावर, लहान मुलांना बचाव शिकवायचं त्याने ठरवलं होतं, आणि त्यात तो खूष होता. त्याची एकच इच्छा होती. आईने येऊन, इथे काचेशी बसून, त्याला एकदा खेळताना बघावं. आपला मुलगा मागे टाकलेला नाही, त्याची जागाच ती आहे, हे तिला फोनवर सांगून पटणार नव्हतं.

आता, आईवडिलांना अमेरिकेत आणण्याच्या बाबतीत आम्हा लोकांचा कोणी हात धरू शकत नाही. मी पदर खोचला. तिच्या देशात व्हिसाची मुलाखत होत नव्हती, दुसऱ्या देशात जाऊन द्यावी लागणार होती. कुठे तारीख लवकर मिळते ते मी शोधून दिलं. मग त्याला धडे दिले. "आईला सांग, विचारतील तेवढंच बोलायचं. मुलाला भेटायला चाललेय, परत येणार आहे. बास. मुलगा वाळलाय, त्याला करून घालायला चाललेय, असं काही म्हणायचं नाही."

"ताई," तो म्हणाला, "विचारतील तेवढंच? तुम्ही माझ्या आईला ओळखत नाही."

पण तिला व्हिसा मिळाला. ती तिथे नेमकं काय बोलली ते तिने आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

ती यायच्या दोन-तीन आठवडे आधी मात्र गाडं अडलं. प्रशिक्षकाने त्याच्या जागी कॉलेजातून आलेल्या एका चपळ पोराला खेळवायला सुरुवात केली. टीमच्या दृष्टीने ते बरोबरच होतं, तोही तसंच म्हणत होता. पण त्याचं हसणं कमी झालं. या खेळात जो संघात नसतो त्याला सूट घालून वर प्रेक्षकांत बसावं लागतं. आई आली त्या आठवड्यातले सगळे सामने त्याने सूट घालून बघितले, आणि त्याच्या शेजारी ती.

आई म्हणजे बुटकी, रुंद, पांढऱ्या केसांची बाई. ॲरिझोनाच्या उन्हाळ्याच्या तोंडावर माझ्यासाठी लोकरीची शाल घेऊन आली होती. पहिल्या सामन्याला तिने मुलाच्या सुटाकडे नखशिखान्त बघितलं आणि रशियनमध्ये काहीतरी विचारलं. त्याने काहीतरी उत्तर दिलं. नंतर मला म्हणाला, "मी सांगितलं, विश्रांती देतायत. ती म्हणाली, मला मूर्ख समजतोस का?"

सीझनचे थोडेच सामने उरले होते. मला मनातून फार वाईट वाटत होतं. इतकी खटपट करून बाई आली आणि मुलाला सुटात बघून परत जाणार, म्हणजे दुधाची तहान ताकावरसुद्धा भागणार नव्हती.

होळीला मी त्या दोघांना जेवायला बोलावलं. पुरणपोळी केली होती. आईने पोळी उलटसुलट करून पाहिली, तूप बाजूला सारलं आणि कोशिंबिरीसाठी ठेवलेलं दही घेऊन ते पोळीवर चांगलं थापलं. तिच्याकडच्या गोड धिरड्यांवर म्हणे आंबट साय घालतात. मी डोळे मिटून घेतले. ती मात्र आणखी एक पोळी मागून, दही लावून, गुंडाळी करून खाऊन गेली. मी सवयीने म्हटलं, "शाब्बास."

तिने मुलाकडे बघितलं. मग त्याने तिला सगळी गोष्ट सांगितली: मी काय ओरडत होते, त्याने काय ऐकलं, आणि माझ्या शब्दाचा अर्थ काय. ती हसली, पण मला वाटलं होतं तेवढी नाही. मग काहीतरी बोलली.

"काय म्हणतात त्या?" मी विचारलं.

"म्हणते, डिफेन्सच्या खेळाडूलाही हात असतात. हातांनी गोल होतो."

तो हसतच बोलला, पण मग बराच वेळ वरणभात कालवत राहिला. तिने तो शब्द दोनदा तोंडातल्या तोंडात घोळवला. माझा नवरा ताटं उचलायला लागला तेव्हा त्याच्याकडे बोट करून म्हणाली, "शाबास." दारात निघताना आमच्या मांजरीलाही म्हणाली. मुलाला सोडून त्या दिवशी सगळ्यांना शाबास मिळाली. मला तिचा राग आला, आणि पाहुणीचा राग आला तर करायचं काय, हे आम्हाला कोणी शिकवलेलं नाही. मी तिला डब्यात चार पोळ्या भरून दिल्या.

शेवटच्या घरच्या सामन्याच्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला.

"ताई, तो पोरगा तापाने पडलाय. आज मी खेळतोय."

"देव पावला," मी म्हटलं. एका पोराच्या तापावर देव पावला म्हणणं बरं नव्हे, पण तोंडातून गेलं.

"आईला तुमच्याजवळ बसवा. आणि ताई, ती ओरडेल. खूप ओरडेल. तुमच्या यजमानांची आधीच माफी मागतो."

आम्ही बसलो ते असे: एका बाजूला मी, एका बाजूला ती आणि मध्ये माझा नवरा, दोन भोंग्यांच्या मध्ये. तिचा आवाज ऐकला आणि मला कळलं की त्याची चूक का झाली होती. तो माझाच आवाज होता, फक्त रशियन. पक कुठेही असो, ती उठायची, "शायबू! शायबू!" तो अडवायचा, मी उठायची, "शाब्बास!" तो स्टिक टीचभर उचलायचा. मागच्या रांगेतल्या एका काकांनी नवऱ्याला विचारलं, दोघी एकाच टीमकडून आहेत ना? मधल्या सुट्टीत बर्फ गुळगुळीत करणारी गाडी फिरत होती तेव्हा नवरा मला म्हणाला, "मी वर जाऊन बसू का?" त्याने जागा बदलली, आणि आम्ही दोघी शेजारी शेजारी आलो.

शेवटच्या काही मिनिटांत आमची टीम एका गोलने पुढे होती. समोरच्या टीमने आपला गोलकीपरसुद्धा काढला आणि त्याच्या जागी आणखी एक पुढचा खेळाडू आणला. म्हणजे त्यांचं गोलचं तोंड सताड उघडं. आणि नेमका तेव्हाच पक याच्याकडे आला. समोर मोकळं मैदान होतं. लांबून एक जोरदार फटका मारला असता तर गोल होण्यासारखा होता. आयुष्यभरात आईसमोर, इथे, एक गोल. शेजारची बाई पायांच्या बोटांवर उभी राहिली. "शायबू," ती म्हणाली, पण या वेळी ओरडली नाही, जवळजवळ विनवणी केली.

त्याने मारला नाही. मारायला हात उचलावा तेवढ्यात बाजूने धावत येणारा पक काढून घेईल, हे त्याला दिसत होतं. त्याने तो कडेच्या काचेला घासत अलगद, सुरक्षित, मैदानाच्या मध्यापर्यंत सोडून दिला. समोरच्यांनी तो उचलला, परत आले, आणि एकाने अगदी जवळून सणकावला.

तो आडवा झाला. पक त्याच्या छातीवर आदळला आणि त्याच्या अंगाखाली अडकला. शिट्टी वाजली. तो लगेच उठला नाही. सगळं मैदान गप्प झालं, आणि माझाही आवाज बसला. आयुष्यात पहिल्यांदा. मी नुसती त्याच्या पाठीकडे बघत राहिले.

मग त्याने एक गुडघा टेकला. मग दुसरा. हात टेकून उभा राहिला आणि वाकलेला, हळूहळू बाकाकडे सरकायला लागला. त्याची वाट आमच्या काचेजवळून जात होती.

शेजारच्या बाईने दोन्ही तळहात काचेवर ठेवले होते. तिचं नाक काचेला टेकलं होतं आणि काचेवर तिच्या श्वासाचा डाग पडला होता.

"शाबास," ती ओरडली. माझ्या वडिलांनी मैदानाच्या पलीकडच्या मुलाला हाक मारावी तशी. "शाबास!"

त्याने सवयीने स्टिक टीचभर उचलली. मग थांबला, कारण आवाज माझ्यासारखा असला तरी शब्द जरा वेगळा लागला होता. त्याने मान वळवून काचेतून माझ्याकडे बघितलं.

मी मान हलवली. मी नव्हते म्हणाले. मी बोटाने शेजारी दाखवलं.